सहभागी क्रमांक दोन आणि आमची शिडी

माणसाने पन्नाशीला टेकल्यावर एम. ए. करू नये. केलंच तर त्यात 'संशोधन पद्धती आणि नीतिमत्ता' नावाचा पेपर असेल तिथून लांब राहावं. आणि तोही घेतलाच, तर निदान स्वतःच्या बिल्डिंगमध्ये संशोधन करू नये. मी तिन्ही गोष्टी केल्या, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगतेय.

मला विद्येची तहान वगैरे लागली नव्हती. मी ग्रंथालयात सहायक आहे. आमच्या मुख्य बाई निवृत्तीला आल्या आणि त्यांच्या खुर्चीसाठी एम. ए. लागतं, असं वरून कळलं. इतकी वर्षं त्या खुर्चीवरची धूळ मी झटकत आले, ती काय दुसऱ्या कुणी येऊन बसावं म्हणून? मी तिरीमिरीत संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. बाकीचे पेपर गुणी होते. वाचा, लिहा, विसरा. हा एकच पेपर असा निघाला की ज्यात जिवंत माणसांकडे जाऊन त्यांना प्रश्न विचारायचे होते, आणि तो शिकवायला जे सर होते ते वयाने माझ्या भाच्याएवढे आणि वागायला माझ्या आजेसासऱ्यांसारखे. वर्गाने त्यांचं नाव 'नैतिक सर' ठेवलं होतं. तासाला उरलेला खडूचा तुकडासुद्धा ते स्वतः जाऊन कपाटात ठेवायचे.

"तुम्ही माणसाला प्रश्न विचारता, म्हणजे त्याच्या घरात शिरता," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "आधी परवानगी घ्या. आणि बाहेर पडताना तिथलं काही उचलून आणू नका. जे ऐकलंत ते त्याचं आहे, तुमचं नाही."

मी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तेव्हा काय माहीत होतं, या दोन रेघा माझ्याच गळ्याला बसणार आहेत!

विषय मी हुशारीने निवडला: शेजाऱ्यांमधील घरगुती वस्तूंची उसनवारी. हुशारी अशी, की त्यासाठी जिना सोडून कुठे जायला नको. आणि खरं सांगायचं तर त्यात माझा एक घाव होता. आमची शिडी.

ती घडीची, ॲल्युमिनियमची, फार चांगली शिडी होती. माझी नणंद आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायची. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, त्याच दिवशी शिडी नाहीशी झाली. मी जिन्यात, हमालांच्या देखत, तिला म्हटलं, "वन्सं, सगळं न्या, पण शिडी तेवढी ठेवून जा." मी तिला वन्सं म्हणायचे ते चेष्टेने, लग्नानंतर पहिल्या आठवड्यात पडलेली सवय. त्या दिवशी मात्र त्या शब्दात चेष्टा नव्हती. टेम्पोत जाऊन बसली ती पुन्हा आमच्या उंबऱ्यात आली नाही. आमचे हे दर रविवारी भाजी आणायला म्हणून जातात आणि एक जुडी मेथी घेऊन दुपारी उगवतात. ते कुठे जातात हे मला माहीत आहे, मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, आणि आम्ही मेथी खातो.

असो. विषय मंजूर करून घ्यायला कॉलेजची नीती समिती असते. तिच्यात प्राध्यापक, एक वकीलबाई, एक डॉक्टर आणि कॉलेजबाहेरचा एक सामान्य नागरिक असावा असा नियम आहे. हा सामान्य नागरिक कोण असावा? आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे नियमकाका! आयुष्यभर सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज परत पाठवून निवृत्त झालेले. एकटेच राहतात, आणि घंटा वाजवली तर आधी आतून 'काय काम आहे?' विचारतात.

माझा अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण संमतीपत्राची भाषा अवघड होती. मी ती सोपी केली. मग तो परत आला, कारण ती फारच सोपी होती. तिसऱ्या खेपेला काकांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य घातलं: 'सहभागीने सांगितलेली कोणतीही गोष्ट संशोधक कोणत्याही परिस्थितीत, अगदी स्वतःच्या कुटुंबाच्या हितासाठीसुद्धा, उघड करणार नाही.' समितीने या वाक्याचं भारी कौतुक केलं म्हणे. सामान्य नागरिक असावा तर असा!

मग मी मुलाखती सुरू केल्या आणि सगळ्या बिल्डिंगला सल्ला द्यायचं नवं निमित्त मिळालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मी समजावून सांगितलं की अहवालात तुमचं नाव येणार नाही.

"का? मी काय चोरी केलीय?" काकू म्हणाल्या. "नाव यायलाच पाहिजे. फोटोही घाल. माझा निळ्या साडीतला चांगला आहे."

"काकू, तुम्ही 'सहभागी क्रमांक चार' असणार."

"आणि एक कोण?"

"ते सांगता येत नाही."

"तळमजला ना? वाटलंच. या बिल्डिंगमध्ये आम्ही आधी राहायला आलो, आणि क्रमांक चौथा! बरं, लिहून घे. तुझी शिडी तुझ्या नणंदेनेच नेली. मी खिडकीतून पाहिलंय. चादरीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी टेम्पोत घातलं त्या लोकांनी." ते पडद्यांचे दांडे होते, हे आमच्या ह्यांनी मला शंभरदा सांगितलंय. पण काकूंची साक्ष मला इतकी वर्षं फार आधाराची वाटत आली होती.

नियमकाकांना मी वगळणार होते. समितीवरचाच माणूस सहभागी कसा करायचा? पण तेच जिन्यात अडवून म्हणाले, "मी समितीवर असलो तरी राहतो इथेच ना? उसनवारी मीही केलीय. काम नियमाने चालतं की नाही, ते मला प्रत्यक्ष पाहायचंय." यादीत त्यांच्यासाठी गाळलेला क्रमांक दोन मी त्यांना परत दिला आणि निमूटपणे संमतीपत्र घेऊन गेले. नैतिक सरांना विचारायचं राहिलं. नंतर त्यांनी त्यावर मला जे ऐकवलं, ते इथे सांगत नाही.

काकांनी संमतीपत्र चष्मा पुसून वाचलं. स्वतःचं वाक्य दोनदा वाचलं. मग सही केली, फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं का ते वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे खरंच कुठे जाणार नाही?"

"अजिबात नाही, काका."

"तुम्ही आत्ता वरच्या वहिनी नाही. संशोधक आहात. बरोबर?"

"बरोबर."

"मग सांगतो. आमच्या वरच्या वहिनींची शिडी माझ्याकडे आहे."

मी संशोधक होते, म्हणून खुर्चीतून पडले नाही.

"पंखा पुसायला मागितली होती," काका भिंतीकडे बघत सांगू लागले. "त्यांच्या मिस्टरांनी दिली. ते मॅच बघत होते. मान न वळवता 'न्या' म्हणाले, त्यांना आठवणारही नाही. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन दाराशी आलो, तर जिन्यात वहिनींचा आवाज. 'शिडी तेवढी ठेवून जा.' मी दाराच्या आत शिडी धरून उभा. त्या क्षणी बाहेर पडलो असतो तर जन्मभर शिडीवाला म्हणून ओळखला गेलो असतो. म्हटलं, संध्याकाळी देऊ. संध्याकाळी म्हटलं, उद्या. मग पुतण्या आला होता, त्याच्याकडून माळ्यावर टाकून घेतली."

"पण मग नंतर का नाही दिलीत?"

"हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत आहे?"

"नाही."

"मग तो विचारू नका." काकांनी वर माळ्याकडे बोट केलं. "आता द्यायची म्हटलं तरी काढणार कशी? माळा उंच आहे. चढायला शिडी लागते."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. काकांनी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता, की इतकी वर्षं मी तो तसा पाहिला नव्हता.

"झालं ना? आता तुम्ही पुन्हा वहिनी. चहा टाकू?"

आणि मी चहा प्यायले! काय करणार? वहिनीला काही माहीतच नव्हतं. वहिनी डोक्यावरच्या माळ्याकडे न बघता हवापाण्यावर बोलली आणि कप धुऊन घरी आली.

घरी येऊन बघते तर आमचे हे खुर्चीवर स्टूल, स्टुलावर स्वतः, आणि हातात फडकं.

"अहो, उतरा आधी!"

"शिडी असती तर कशाला चढलो असतो?" हे वरून म्हणाले. "ताईचा फोन आला होता. ती मुलाकडे चाललीय, कायमची. पुढच्या रविवारी. परगावी जाते म्हटल्यावर निदान या घरी पाय लावून जा, असं म्हटलं मी. म्हणाली, ज्या घरात मी चोर आहे तिथे कशाला येऊ?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अहो, त्यांनी शिडी..." आणि मी जीभ चावली. कोणत्याही परिस्थितीत, अगदी स्वतःच्या कुटुंबाच्या हितासाठीसुद्धा! हे 'काय म्हणालीस?' म्हणत वळले आणि स्टूल, फडकं आणि घरधनी असे तिघेही खाली आले. घोटा टम्म सुजला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बर्फ घेऊन आल्या आणि जाताना म्हणाल्या, "सगळं त्या शिडीचं पाप. नणंदेला फोन करून सांग, तुझ्यामुळे भाऊ पांगळा झाला." इतके दिवस ही बाई बोलली की मला बरं वाटायचं, आज तिचा बर्फ तिच्याच डोक्यावर ठेवावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी नैतिक सरांना गाठलं. कुणाचं नाव न घेता म्हटलं, सर, समजा एका संशोधकाला मुलाखतीत कळलं की एक वस्तू अमुक ठिकाणी आहे. आणि समजा त्या वस्तूपायी एका निरपराध बाईवर आळ आलाय.

"सांगता येणार नाही," सर म्हणाले.

"आणि त्या सहभागीलाच विनवलं तर? की बाबा, तूच सांग."

"तुम्ही विनवलंत की दडपण आलं. त्यासाठी समितीची परवानगी लागेल. अर्ज करा, बैठक शुक्रवारी आहे."

अशा रीतीने माझी स्वतःची शिडी परत मागण्याची परवानगी मागण्यासाठी मी कॉलेजात जाऊन उभी राहिले. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, आणि टेबलाच्या टोकाला सामान्य नागरिक. त्यांनी माझा अर्ज उलटा धरून पाहिला.

"वस्तू कोणती, ते लिहिलेलं नाही," काका खाकरून म्हणाले. सवयच ती.

"ते लिहिलं तर सहभागी ओळखू येईल."

"वस्तूचा मालक कोण?" वकीलबाईंनी विचारलं.

मी खाली बघून म्हटलं, "मी."

मग वकीलबाई एकदम फुलल्या. त्यांना कॉलेजात इतकं चांगलं प्रकरण कधी मिळालं नसावं. "म्हणजे हा गृहस्थ तुमची वस्तू दाबून बसलाय, आणि तुम्हालाच तसं सांगतोय? निर्लज्ज आहे अगदी! चोरच म्हणायचा."

"चोर म्हणता येणार नाही," सामान्य नागरिक घाईने म्हणाले. "विलंब म्हणता येईल."

"किती वर्षांचा विलंब?"

"परिस्थितीचाही विचार व्हावा. त्याला लाज वाटत असेल."

"लाज वाटली असती तर दुसऱ्या दिवशी परत दिली असती!" डॉक्टर म्हणाले. "आणि तो आळ आलेल्या बाईचा जीव काय म्हणत असेल, याचा विचार केला त्याने?"

काकांनी आपला ग्लास संपवला, मग शेजारच्याचाही संपवला. मी त्यांच्याकडे बघू नये म्हणून छताच्या पंख्याकडे बघत होते, आणि पंखा म्हटला की मला शिडीच आठवत होती. शेवटी काका उभे राहिले. "या विषयातून मी माघार घेतो."

"का हो?"

"कारण न देता माघार घ्यायचा हक्क सहभागी... प्रत्येकाला असतो," असं म्हणून ते निघून गेले. नैतिक सर त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं, आणि हळूच डोळे मिटून घेतले. सामान्य नागरिकाशिवाय बैठक भरत नाही. विषय पुढच्या महिन्यावर गेला.

बाहेर व्हरांड्यात मला रडूच फुटलं. खुर्ची गेली खड्ड्यात, रविवारी माझी नणंद कायमची जाणार होती. पूर्वी आम्ही दोघी दुपारी समोरासमोरची दारं उघडी टाकून आपापल्या उंबऱ्यात बसून ह्यांची टिंगल करत असू. ती गेल्यापासून ह्यांची टिंगल करायला घरात कुणी उरलंच नाही, आणि एकटीने करण्यात मजा नसते.

सर मागून आले. "वस्तू कुठे आहे ते सांगायची तुम्हाला मनाई आहे, मान्य," ते म्हणाले. "पण माफी मागायला समितीची परवानगी कशाला हवी?"

"सर, पुराव्याशिवाय माफी मागायची?"

"आळ घेताना होता पुरावा?"

हा मुलगा माझ्या भाच्याएवढा! मी पर्स उचलली आणि घरी आले. दोन दिवस मला सरांचा मनस्वी राग आला होता, कारण त्यांच्या बोलण्यात चूक सापडत नव्हती.

रविवारी सकाळी टेम्पो खाली उभा राहिला. जाताजाता भावाचा पाय बघायला म्हणून नणंद जिना चढून आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. हे आतून पाय वर करून दाखवू लागले. मी पुढे झाले.

"वन्सं, शिडी तुम्ही नेली नाहीत. मी चुकले. चारचौघांत बोलले, फार वाईट बोलले. माफ करा."

तिने माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. "सापडली वाटतं?"

"सांगता येत नाही."

"मग आज कसं कळलं?"

"तेही सांगता येत नाही."

"कुणी नेली होती?"

मी नुसती मान हलवली. ती भडकली. "वहिनी, ही कसली गं माफी? आरोप करताना तुला हमालांसमोर सगळं सांगता येत होतं, आणि आता तोंडाला कुलूप? तुझ्याच घरात सापडली असणार. पलंगाखाली!"

म्हणजे माफी मागून मी होते त्यापेक्षाही वाईट ठरले. ती पाठ फिरवून दोन पायऱ्या उतरली. आणि दुसऱ्या मजल्यावरून नियमकाका वर आले. इस्त्रीचा शर्ट, अंगावर समितीला जाताना घालतात तो कोट. त्यांनी नणंदेला नमस्कार केला, मग मला विचारलं,

"वहिनी, शिडी आहे का?"

आतून ह्यांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. नणंदेचा चेहरा लाल झाला. "या घरात शिडी नाही, काका. मी नेलीय ना ती! तुम्हाला कशाला हवीय?"

"माळ्यावरची एक वस्तू काढायचीय."

"कसली वस्तू?"

काकांनी कोटाचं बटण लावलं. "शिडी," ते म्हणाले. "यांची. पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. तुम्ही नेली नव्हती, आणि हे मला त्याच दिवशी बोलता आलं असतं. बोललो नाही. भित्रा आहे मी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "संशोधकांना कळवा, सहभागी क्रमांक दोनची परवानगी आहे. पण फक्त या कुटुंबापुरती."

नणंदेने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुला माहीत होतं?"

"आता सांगता येतं," मी म्हटलं. "हो. आणि सांगता येत नव्हतं म्हणून मेले होते मी." मग मात्र मला राहवलं नाही. तिलाही नाही. आम्ही दोघी जिन्यात एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, आणि रडता रडता तिला त्या कोटाचं हसू आलं, मग मलाही आलं. काका बिचारे कठड्याला धरून उभे होते. आमचे हे आतून ओरडत होते, "अरे, मला कुणी सांगेल का काय झालं?"

शिडी काढायला काकांचं जेवणाचं टेबल, वर आमचं तेच बदनाम स्टूल, आणि वर नणंद चढली. मी स्टूल धरलं, काकांनी टेबल धरलं. चादरीत गुंडाळलेली शिडी तिने खाली सरकवली, उतरून हात झटकले आणि म्हणाली, "ही मी नेणार."

"अं?"

"इतकी वर्षं चोर म्हणवून घेतलं ते फुकट? आता माल तरी मिळू दे."

मीच खाली जाऊन ती टेम्पोवर बांधायला मदत केली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. "बघितलंस?" काकू वरून ओरडल्या. "मी म्हणत नव्हते? तीच चादर! नेलीच की नाही शेवटी!"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. परवानगी फक्त कुटुंबापुरती होती. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत नियमकाकांचा पडदा हलला. नणंदेने ते पाहिलं, मग वर बघून मोठ्याने हाक दिली, "हो काकू! तेव्हा राहिली होती, ती न्यायला आले!" आणि टेम्पोत बसून मला डोळा मारला.

पेपर मी काठावर पास झाले. सरांनी शेऱ्यात लिहिलं की संशोधकाचे स्वतःचे हितसंबंध अभ्यासात फार गुंतलेले दिसतात. खुर्चीचं अजून काही नक्की नाही. आमचा पंखा काळाकुट्ट झालाय. नणंद दर आठवड्याला फोन करून विचारते, "वहिनी, शिडी हवीय का? हवी असेल तर येऊन घेऊन जा." म्हणून मी रजा टाकलीय. ह्यांना, ऑफिसला आणि तिसऱ्या मजल्याला सांगितलंय की शिडी आणायला चाललेय. आणणार नाहीय, पण ते गोपनीय आहे.